छापले आहे, म्हणून खरे आहे काय?

महाराष्ट्रात १ जून या तारखेला जन्मलेल्यांची संख्या विलक्षण मोठी आहे. एखाद्या जिल्हा परिषदेतील, तहसील कचेरीतील किंवा जुन्या माध्यमिक शाळेतील सेवापुस्तके चाळून पाहावीत. ही तारीख पुनःपुन्हा भेटते. महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मलेला शासकीय कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम असल्यामुळे ३१ मे रोजी कचेऱ्याकचेऱ्यांतून निरोपसमारंभांची दाटी होते, ती याच कारणाने. निसर्गाने या एकाच दिवसावर एवढी मेहेरनजर करावी असे काही घडलेले नाही. जून महिन्यात शाळा उघडे, बाप मुलाचा हात धरून गुरुजींपुढे उभा राही, जन्मतारीख विचारली असता ‘दुष्काळाच्या साली झाला’ किंवा ‘थोरलीच्या पाठचा’ एवढेच सांगे आणि गुरुजी वयाचा अंदाज घेऊन रजिस्टरात १ जून ही तारीख घालून मोकळे होत. त्या नोंदीवरून पुढे शाळा सोडल्याचा दाखला निघाला, दाखल्यावरून नोकरी लागली, नोकरीवरून निवृत्तिवेतन ठरले. कागद अस्सल, शिक्का खरा, सही खरी आणि नोंद करणारा प्रामाणिक. तारीख तेवढी काल्पनिक!

आता समाजशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याने अशा पाच शाळांची रजिस्टरे तपासून ग्रामीण भागातील जन्मांचे महिनावार कोष्टक तयार केले, तर त्याच्या बेरजेत एकही चूक सापडणार नाही. त्याने चोरी केलेली नसेल, आळस केलेला नसेल. तरीही त्याचा निष्कर्ष समूळ चुकीचा असेल. कारण एक प्रश्न त्याने विचारलाच नाही: ही नोंद करणाऱ्याला ती गोष्ट कळली कशी?

हा एक प्रश्न विचारण्याची सवय आपल्या शिक्षणात लावली जाते काय, याचा विचार करण्याची वेळ आता येऊन ठेपली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा होत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्याप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत पंचाहत्तर टक्के वा त्याहून अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधन करता येईल. एकेकाळी एम. ए. नंतर सुरू होणारे संशोधन अशा रीतीने तालुक्याच्या गावातील महाविद्यालयापर्यंत येऊन पोहोचत आहे. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु शाळेच्या चौथ्या इयत्तेपासून ‘प्रकल्प’ या नावाखाली मुलांना ज्याची सवय लावली जाते, त्याचे स्वरूप पाहिले म्हणजे चिंता वाटल्यावाचून राहत नाही. चित्रे चिकटवावीत, मजकूर उतरून काढावा आणि शेवटी संदर्भग्रंथांची यादी जोडावी, एवढ्यावर प्रकल्प संपतो. त्या यादीतील पुस्तके विद्यार्थ्याने उघडलेली नसतात आणि ती यादी परीक्षक वाचत नाही. उभयपक्षी संमत असा हा उपचार आहे.

चोरी पकडणारे यंत्र

संशोधनातील गैरप्रकारांविषयी आपल्याकडे अलीकडे जागृती झाली आहे, यात शंका नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्यासंबंधीचे विनियम केले. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य, त्यापुढे दहा ते चाळीस, चाळीस ते साठ आणि साठहून अधिक अशा पायऱ्या ठरवून प्रत्येक पायरीला वेगळी शिक्षा सांगितली. प्रबंध संगणकात घालावा आणि साम्याचा आकडा बाहेर यावा, अशी व्यवस्था विद्यापीठांतून रूढ झाली. उसनवारीला त्यामुळे काही आळा बसला असेल. परंतु हे यंत्र केवळ शब्द जुळतात की नाही एवढेच पाहते. चुकीची माहिती स्वतःच्या शब्दांत लिहिली, तर तिला ते निर्दोष ठरवते. आणि एखादा अस्सल दस्तऐवज अक्षरशः उतरवला, तर त्याच्यावर ते बोट ठेवते. प्रामाणिकपणा आणि प्रमाणबद्धता, म्हणजे चोरी न करणे आणि पुराव्याला धरून असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी आपण नियम केले. दुसरीचे शिक्षण मात्र विद्यार्थ्याच्या नशिबावर सोडून दिले.

त्यात आता प्रश्न विचारताच क्षणार्धात सुबक उत्तर जुळवून देणाऱ्या संगणकाची भर पडली आहे. त्याचे उत्तर पुष्कळदा बरोबरही असते. पण जे ग्रंथ कधी लिहिलेच गेले नाहीत, त्यांची नावे, लेखक आणि प्रकाशनवर्षे तो तितक्याच आत्मविश्वासाने सांगून जातो, हे अनेकांच्या अनुभवास आले आहे. ज्या यादीतील एकही ग्रंथ कोणी उघडून पाहत नाही, तिच्यात नसलेले ग्रंथ शिरले तर नवल ते काय? दोष यंत्राचा आहेच. परंतु त्याच्यासाठी दार आधीपासून उघडे होते.

गड आणि सिंह

साधनांची परीक्षा म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी परदेशी ग्रंथ धुंडाळण्याची आवश्यकता नाही. मराठी माणसाला लहानपणापासून तोंडपाठ असलेली एक कथाच घ्यावी. माघ वद्य नवमीच्या रात्री, ४ फेब्रुवारी १६७० रोजी, तानाजी मालुसरे यांनी कोंढाणा सर केला आणि ते धारातीर्थी पडले. त्यांच्या बलिदानामुळे महाराजांनी कोंढाण्याचे नाव सिंहगड ठेवले, असे मुलाला शाळेत सांगितले जाते. या विधानाला आधार म्हणून विद्यार्थी सहज दहा पुस्तकांची नावे देऊ शकेल.

परंतु या दहा पुस्तकांतील लेखकांना ही गोष्ट कोठून कळली, असे विचारत मागे मागे जावे. कृष्णाजी अनंत सभासद यांनी राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे १६९७ मध्ये आपली बखर सिद्ध केली. तानाजींच्या मृत्यूनंतर ती सत्तावीस वर्षांनी लिहिली गेली आणि लेखक स्वतः शिवकाल पाहिलेला होता. त्यांच्या बखरीत महाराजांच्या तोंडी जो शोकोद्गार घातला आहे, त्यात तानाजींना सिंहाची उपमा नाही. एक गड हाती आला पण दुसरा गड गेला, अशा आशयाने तेथे तानाजींनाच गड म्हटले आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, १६६३ सालच्या खुद्द महाराजांच्या एका पत्रात या किल्ल्याचा उल्लेख सिंहगड म्हणून आलेला आहे. लढाईच्या सात वर्षे आधी जे नाव प्रचारात होते, ते लढाईनंतर पडले असे म्हणता येत नाही. सिंह गेल्याचा तो सुप्रसिद्ध उद्गार घरोघर पोहोचविण्यात हरिभाऊ आपट्यांच्या त्याच नावाच्या कादंबरीचा वाटा फार मोठा आहे आणि कादंबरीकाराला तो अधिकारही आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र तो नाही.

यामुळे तानाजींच्या शौर्याला रतिभरही उणेपणा येत नाही. सभासदांनी दिलेली गडाची उपमा सिंहाच्या उपमेहून कमी गौरवाची आहे, असे कोण म्हणेल? उलट, साधनांपर्यंत गेल्याने एका थोर माणसाविषयी त्याच्या जवळच्या काळातील लोक काय म्हणत होते ते कळते, हा लाभच आहे.

येथे खरी अडचण निराळीच आहे. एखाद्या विद्यार्थिनीने हे सारे तपासून आपल्या वहीत लिहिले की, गडाला सिंहगड हे नाव तानाजींच्या मृत्यूपूर्वीच होते, तर तिला गुण मिळतील की कमी होतील? परीक्षकाजवळच्या नमुना-उत्तरात जर रूढ कथा असेल, तर तिच्या वाक्याखाली लाल रेघ ओढली जाण्याचाच संभव अधिक. ती लाल रेघ त्या मुलीला जे शिकवील, ते पुढील दहा व्याख्यानांनी पुसले जाणार नाही. शोध घेणे हे नुकसानीचे काम आहे, हा तो धडा होय.

दहा ग्रंथ, साक्षीदार एक

एकच गोष्ट अनेक ठिकाणी आढळली म्हणजे ती खरी, असे मानण्याकडे विद्यार्थ्याचा कल असतो. हा समज किती फसवा आहे, हे शिवजन्मतिथीच्या वादाने महाराष्ट्राला शिकविले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मल्हार रामराव चिटणीस यांनी लिहिलेल्या बखरीत शके १५४९, म्हणजे इसवी सन १६२७ हे जन्मवर्ष आले. ग्रँट डफ यांनी १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इतिहासातही १६२७ हेच साल दिले. पुढे ते पाठ्यपुस्तकांत गेले, चरित्रांत गेले, सनावळ्यांत गेले. ग्रंथ वाढत गेले. पण पुरावा वाढला नाही. एकाने दुसऱ्याचे पाहून लिहिले आणि दुसऱ्याने उत्तरकालीन बखरींवर विसंबून लिहिले.

भोरजवळच्या कारी येथील जेधे देशमुखांच्या घराण्यात एक शकावली होती. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि त्यांनी ती १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत प्रसिद्ध केली. तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तिथी होती. एका शकावलीवरून रूढ समज बदलावा काय, अशी शंका घेतली गेली आणि ती रास्तही होती. परंतु पुढे महाराजांच्या समकालीन कवींद्र परमानंद यांचे ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य तंजावरला सापडले. सदाशिव महादेव दिवेकर यांनी ते १९२७ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्यातही हीच तिथी निघाली. राजस्थानात जुन्या कुंडल्यांचा संग्रह मिळाला, त्यातील महाराजांच्या कुंडलीनेही याच तिथीला दुजोरा दिला.

या तीन साक्षींचे बळ कशात आहे, हे नीट पाहण्यासारखे आहे. मावळातील एका देशमुखाच्या घरची घटनांची नोंदवही, तंजावरच्या ग्रंथसंग्रहातील एक काव्य आणि राजस्थानातील ज्योतिषाचे कागद, या तिघांचे हेतू निरनिराळे. परस्परांचे पाहून लिहिण्याची त्यांना संधी नव्हती आणि एकच तिथी पुढे करण्यात तिघांचा समान स्वार्थही नव्हता. म्हणूनच या तीन साक्षी त्या दहा ग्रंथांना भारी ठरल्या. साक्षीदारांची संख्या मोजावयाची नसते, त्यांचे स्वातंत्र्य मोजावयाचे असते. न्यायालयातील कारकुनालाही ठाऊक असते की, एकाच माणसाने पढविलेले पाच साक्षीदार हे मिळून एकच साक्षीदार. महाराष्ट्र शासनानेही पुढे १९ फेब्रुवारी १६३० हीच तारीख स्वीकारली आहे. शिवोत्सवाचा हिरिरीने पुरस्कार करणाऱ्या टिळकांनीच रूढ तिथीला धक्का देणारा कागद स्वतः छापून काढला, ही गोष्टही विसरता कामा नये. श्रद्धा आणि शोध यांचे वैर असलेच पाहिजे, असा काही नियम नाही.

अस्सल कागदही चुकतो

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. वाईला सापडलेली पानिपतकालीन पत्रे त्यात होती. त्या पत्रांशी बखरींतील हकीकती ताडून पाहताना स्थळ, काळ आणि व्यक्ती यांबाबत बखरकार किती बेभरवशाचे आहेत, हे राजवाड्यांनी प्रस्तावनेत निर्दयपणे दाखवून दिले. अस्सल कागदाचे एखादे चिटोरेही सबंध बखरीला खोटे पाडू शकते, ही त्यांची शिकवण महाराष्ट्रातील इतिहाससंशोधनाचा पायाच ठरली.

परंतु या शिकवणीचेही पढीक सूत्र करून चालणार नाही. समकालीन कागद म्हणजे सत्य, असे समीकरण मांडले तर विद्यार्थी एका खड्ड्यातून निघून दुसऱ्या खड्ड्यात पडेल. शिवाजी महाराजांच्या निधनाची आवई इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रांतून १६८० च्या आधीही येऊन गेली होती. इतकी की, खरी वार्ता आली तेव्हा तिच्यावरही काहींचा चटकन विश्वास बसला नाही. ही पत्रे अस्सल आहेत, समकालीन आहेत, लिहिणारे हिशेबी व्यापारी आहेत. तरी त्या आधीच्या पत्रांवरून महाराज वारले असे सिद्ध होत नाही. त्या दिवशी अशी बातमी वखारीत पोहोचली होती, एवढेच सिद्ध होते. पत्रलेखकाने काय पाहिले आणि काय ऐकले, यांत भेद केलाच पाहिजे. वतनाच्या तंट्यांत बनावट कागद पुढे केले जात, हेही जुन्या दप्तरांच्या अभ्यासकांना परिचित आहे. कागद जितका लाभाचा, तितका तो अधिक बारकाईने पारखावा लागतो.

दुसऱ्या बाजूने, अविश्वसनीय ठरलेले साधन फेकून द्यावयाचे असते, असेही नाही. ‘भाऊसाहेबांची बखर’ तारखांसाठी भरवशाची नसेल. परंतु पानिपतचा घाव मराठी मनावर कसा बसला, त्या काळच्या मराठी गद्याचा पीळ कसा होता, हे जाणून घेण्यासाठी तिच्यासारखे साधन नाही. शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यावरून सिंहगडच्या लढाईचा तपशील ठरविता येणार नाही. पण लोकांनी तानाजींची आठवण कशी जपली, या प्रश्नाला तोच पोवाडा सर्वोत्तम उत्तर देईल. १ जूनच्या तारखांनी भरलेले शाळेचे रजिस्टर जन्ममासाविषयी मुके आहे. मात्र त्या गावात कोणत्या साली कोणत्या जातींची किती मुले-मुली शाळेत येऊ लागली, हे ते चोखपणे सांगते. साधन विश्वसनीय आहे काय, हा प्रश्न अपुराच आहे. कोणत्या प्रश्नासाठी विश्वसनीय, असे विचारले म्हणजे तो पूर्ण होतो.

स्वतः राजवाड्यांच्या बाबतीत काळाने हाच निवाडा केला. भाषा आणि समाज यांविषयीचे त्यांचे सारेच सिद्धान्त पुढच्या अभ्यासकांपुढे टिकले नाहीत. त्यांनी जपून छापलेले कागद मात्र टिकले. साधन निराळे आणि साधनावरून केलेले अनुमान निराळे, हा भेद विद्यार्थ्याने थोरामोठ्यांच्या बाबतीतही विसरू नये, याचे याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

आकड्यांची अब्रू

हा विषय केवळ इतिहासाच्या विद्यार्थ्यांचा आहे, असे कोणी समजू नये. अर्थशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र या विषयांत बखरीची जागा आकडा घेतो आणि आकड्याला बखरीहून अधिक मान मिळतो. महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख आहे, असे विद्यार्थी आजही लिहितात. हा आकडा २०११ च्या जनगणनेचा आहे. २०२१ मध्ये व्हावयाची जनगणना त्या वर्षी झालीच नाही. म्हणजे ‘होती’ असे क्रियापद आणि शेजारी वर्ष, एवढे दोन शब्द घातले तर जे विधान खरे ठरले असते, ते त्यांच्या अभावी खोटे ठरते. वर्ष नसलेला आकडा हा तारीख नसलेल्या धनादेशासारखा आहे. तो कोणी वटवू नये.

जनगणना हे आपल्याकडील अत्यंत काळजीपूर्वक जमविलेल्या माहितीचे साधन आहे. तरीही तिच्यातील वयाची कोष्टके पाहिली तर पंचवीस, तीस, पस्तीस, चाळीस या वयांपाशी माणसांच्या टेकड्या उभ्या राहिलेल्या दिसतात आणि एकतीस, एकोणचाळीस या वयांपाशी दऱ्या. लोक आपले वय शून्याच्या किंवा पाचाच्या आकड्याला आणून सांगतात, म्हणून असे होते. लोकसंख्याशास्त्रज्ञांना हे चांगले ठाऊक असते आणि त्याची दुरुस्ती करण्याच्या पद्धतीही त्यांनी बसविल्या आहेत. या गोष्टीची प्रत्यक्ष साक्ष देणारे लोक तर आपल्या शाळाशाळांतून बसलेले आहेत. जनगणनेचे प्रगणक म्हणून दारोदार हिंडलेले शिक्षक! घरधनी बाहेर गेला असता शेजाऱ्याने सांगितलेले वय आपण कसे लिहून घेतले, म्हातारीने ‘असेल की साठ’ म्हटल्यावर साठ कसे मांडले, हे त्यांना आठवत असेल. तेच शिक्षक वर्गात आल्यावर तोच छापील आकडा वेदवाक्य म्हणून फळ्यावर लिहितात. आपण स्वतः जे साधन घडविले, त्याच्या घडणीची गोष्ट विद्यार्थ्यांना सांगितली, तर साधन-परीक्षेचा याहून जिवंत पाठ दुसरा होणार नाही.

यादी कामाला येत नाही

मग विद्वानांनी मान्य केलेल्या प्रकाशनांची एक यादी करून द्यावी आणि विद्यार्थ्याने तीवर विसंबावे, असा सोपा उपाय पुष्कळांना सुचतो. तो करूनही झाला. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा सुळसुळाट झाला, तेव्हा अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी तयार केली. आणि २०२५ मध्ये ती बंद करून केवळ पारखण्याचे निकष सुचविण्याचा मार्ग पत्करला. यादीने विवेकाचे काम होत नाही, याची ही कबुलीच म्हणावी लागेल.

प्रतिष्ठित नियतकालिकातही चूक शिरते. ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात १९९८ मध्ये बारा मुलांच्या पाहणीवर आधारलेला एक लेख आला आणि त्यावरून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडला गेला. मोठमोठ्या पाहण्यांत तो संबंध आढळला नाही, लेखातील गंभीर गैरप्रकार उघडकीस आले आणि २०१० मध्ये तो लेख मागे घेण्यात आला. मधल्या बारा वर्षांत अनेक आईबापांनी मुलांना लस टोचून घेण्याचे टाळले. एका बेभरवशाच्या साधनाची किंमत कोणाला मोजावी लागते, हे यावरून कळते. लेख लिहिणारे व छापणारे विद्वान होते. आजारी पडली ती मुले. विद्यार्थ्याने अशा प्रसंगी दोन साध्या गोष्टी विचारल्या तरी पुरे: पाहणी किती जणांची होती, आणि नंतर दुसऱ्या कोणाला तेच आढळले काय?

काय करता येईल?

तालुक्याच्या गावी दप्तरखाना नाही, ग्रंथालय तुटपुंजे, मग विद्यार्थ्याने साधने पारखावीत तरी कशी, असा आक्षेप येईल. तो पोकळ नाही. परंतु पारखण्यासाठी लागते ती मुख्यतः प्रश्न विचारण्याची सवय, आणि तिला दप्तरखाना लागत नाही. हे कोणी लिहिले? घटनेनंतर किती काळाने लिहिले? त्याने पाहिले, ऐकले की दुसऱ्याचे उतरवले? असे लिहिण्यात त्याचा लाभ कोणता? आणि त्याच्याशी संबंध नसलेला दुसरा कोणी तेच सांगतो काय? एवढे पाच प्रश्न शाळेतल्या मुलालाही पाठ करता येतील आणि ते गावच्या यात्रेच्या आख्यायिकेला, ग्रामपंचायतीच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीला, सातबाराच्या उताऱ्याला आणि भ्रमणध्वनीवरून आलेल्या निनावी मजकुरालाही सारखेच लागू पडतात. कोशांचे स्थानही यातच कळते. केतकरांचा ज्ञानकोश किंवा मराठी विश्वकोश हे विषयाच्या दारापर्यंत नेऊन सोडणारे उत्तम वाटाडे आहेत. नोंदीखालची संदर्भसूची हाती घेऊन पुढची वाट ज्याची त्याने चालावयाची असते.

महाविद्यालयांनाही पैशावाचून करता येण्यासारख्या गोष्टी आहेत. वीस ग्रंथांची यादी मागण्याऐवजी चारच साधने मागावीत आणि त्या प्रत्येकावर अर्धे पान लिहून घ्यावे: हे का मानले, कोठपर्यंत मानले, कोठे मानले नाही. तोंडी परीक्षेत यादीतील एक पुस्तक विद्यार्थ्यापुढे ठेवून, आधार दिलेले पान उघडून दाखव, असे म्हणावे. जेथे ग्रंथपाल आहे, तेथे त्याला पुस्तके देण्याघेण्याच्या खिडकीतून बाहेर काढून वर्षातून चार तास वर्गात आणावे. आणि नमुना-उत्तराहून वेगळे पण साधार लिहिणाऱ्याचे गुण कापले जाणार नाहीत, असे परीक्षकांना लेखी कळवावे. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत सोपी आहे आणि तीच सर्वांत अवघड जाईल; कारण तिच्यात शिक्षकाला आपण चुकलो असू, हे मान्य करावे लागते.

साधनांची परीक्षा करणाऱ्या विद्यार्थ्याला प्रत्येक वेळी चमकदार शोध लागणार नाही. बहुतेक वेळा त्याला आढळेल ते एवढेच की, जे आजवर ठामपणे सांगितले गेले त्याला पुरेसा आधार नाही आणि खरे काय घडले ते कळण्याचा मार्गही आज उपलब्ध नाही. अशा वेळी तो वहीत लिहील: ‘या बाबतीत निश्चित पुरावा आढळला नाही.’ त्या जुन्या गुरुजींना तेवढे लिहिण्याची सोय नव्हती. रजिस्टरातील रकाना कोरा ठेवून चालत नव्हते, म्हणून त्यांनी १ जून लिहिला आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. आजच्या विद्यार्थ्याला रकाना कोरा ठेवण्याची मुभा द्यावयाची की त्याच्याकडूनही १ जूनच लिहून घ्यावयाचा, हे त्याची वही तपासणाऱ्याच्या हाती आहे.